मिसेस टिब्स

गॅथ्राइट वकिलांना त्यांच्याच घराच्या पायरीवर गोळ्या घातल्या. मिसिसिपीत काळ्या माणसाची बाजू घेणाऱ्याला दुसरं काय मिळायचं? त्यांना माती देऊन बायका चर्चच्या तळघरात जेवायला बसल्या. तळलेली कोंबडी होती, मक्याचा पाव होता, पण ओझेला टिब्स पाव नुसताच कुस्करत बसली. पोलीस ठाण्याच्या कोठडीत डेप्युटी कॉइलने तिच्या नवऱ्याला बदडून मारलं, तेव्हा ती गजाबाहेर उभी होती. सोमवारी कोर्टात त्याच्याविरुद्ध तिची साक्ष होती.

"जाऊ नकोस बाई," शेजारची व्हर्डेल म्हणाली. "आधी नवरा गेला, मग वकील. आता तुझा नंबर."

"नाहीच जात," ओझेला म्हणाली. खोटं कशाला सांगा, भीतीने तिची गाळण उडाली होती.

गेल्या तारखेला कॉइलचा वकील तिला नुसतं 'ओझेला' म्हणत होता. गोरी ती मिसेस, काळीला नुसतं नाव, ही तिथली रीत. जळो मेली. गॅथ्राइट उठले. "मिसेस टिब्स म्हणेपर्यंत माझी साक्षीदार तोंड उघडणार नाही." न्यायाधीशाने त्यांनाच कोठडीत डांबलं. दुसऱ्या दिवशी बाहेर आले ते पुढचे दात गमावून. तरी हसून तिला म्हणाले, "उत्तर दिलं नाहीत ना? शाब्बास."

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावर बूट वाजले. कॉइल थेट तिच्यापाशी आला.

"ए ओझेला, सोमवारी तू आजारी पडणार आहेस. कळलं?"

ती ताटाकडे बघत राहिली. जायचं नाही हे तर तिने ठरवलंच होतं. 'हो' म्हणाली असती तर सुटली असती. पण त्या हाकेला तिच्या तोंडून शब्द फुटेना.

त्याने केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातलं रक्त पावावर सांडलं. व्हर्डेल उठली तशी त्याने तिच्यावर पिस्तूल रोखलं.

"हो म्हण, ओझेला."

दुसऱ्या हातातली काठी ओझेलाच्या खांद्यावर बसली, मग जबड्यावर. दात निखळून ताटात पडला. ओझेला गप्पच.

कॉइलला धाप लागली. तो दात विचकून हसला. "बरं, मिसेस टिब्स, आता तरी बोलाल का?"

ओझेलाने मांडीवरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि ताठ बसली.

"बोलते की. नीट विचारलंत, आता बोलते. माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत. सोमवारीही हेच सांगणार आहे."

कॉइलने पुन्हा काठी उचलली. या वेळी तिने मान खाली घातली नाही.