फर्दापूरच्या पुढं

मेघानं पळण्याविषयी दोन पुस्तकं वाचली, मग बूट घेतले आणि मगच ती गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पोचली. कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढलेल्या बाईचा हाच क्रम असणार. टाच आधी टेकवायची की चवडा, श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं, गुडघ्यावर शरीराच्या किती पट भार येतो, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त शाळा सुटल्यापासून, म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांत, ती पळालेली नव्हती. बससाठीसुद्धा नाही. एक बस चुकली तर दुसरी येते, हे कंडक्टरच्या मुलीला लहानपणापासून माहीत असतं.

ऑगस्टमधली सकाळ होती, सहा वाजलेले. चारशे मीटरचा ट्रॅक समोर. आपल्याकडं कोणी बघत नाही याची खात्री करून मेघा सुटली. पहिली शंभर पावलं वाटलं, हे तर जमतंय. मग छातीत भाता चालायला लागला, पोटऱ्यांचे दगड झाले आणि अर्धी फेरीही व्हायच्या आत ती कुंपणाची जाळी धरून वाकून उभी राहिली.

मागून एक बाई आली. साठीच्या पुढची, साडी वर खोचलेली, पायात मुलाचे जुने असावेत असे मोठे निळे बूट. बाई पळतच होती, पण इतकी हळू, की गप्पा मारत चालणारे दोन पेन्शनर तिला मागं टाकून गेले.

"कामून गं बाई, कुत्रं लागलं का मागं?" जागच्या जागी पाय हलवत तिनं विचारलं.

मेघाला बोलता येईना. तिनं हातानंच नाही म्हटलं.

"मंग येवढी कशापायी उधळली? चोर धरायचा असला तर असं पळावं. रोज पळायचं असंल तर माह्यासारखं."

"तुमच्यासारखं म्हणजे... चालणारेसुद्धा पुढं जातात."

"जाऊ दे की. ते थांबतेत, मी नाय थांबत." बाई पुढं निघाली आणि मान न वळवता म्हणाली, "पळता पळता बोलता आलं पायजे. बोलनं तुटलं की समजायचं, जास्ती झालं."

हे दोन्ही पुस्तकांत लिहिलेलं होतं. मेघानं त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती.

बाईचं नाव केसरबाई. शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेली, मुलगा तिथंच एका कंपनीत लागला आणि घर झालं पुंडलिकनगरात, मेघाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. शेत गेल्यावर पायांना काम राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले चाला. चालून चालून कंटाळा आला म्हणून बाई पळायला लागल्या. एवढं सगळं केसरबाईंनी दुसऱ्या दिवशी एका फेरीत सांगितलं आणि मग म्हणाल्या, "आता तुहं तू बोल. मला माह्या नादात राहू दे."

"एकटीच काय बोलू?"

"लोकं मोबाईलवर बोलतेत, तशी बोल हवेशी. कोन बघतंय?"

मेघाला पाठ खूप होतं. पण पळताना ऐन वेळी एकही कविता ओठावर येईना. तोंड उघडलं आणि आतून आलं ते वेगळंच.

"हर्सूल."

वीस पावलं गेली. श्वास होता.

"सावंगी. चौका. फुलंब्री."

तिथं श्वास संपला आणि ती चालायला लागली.

कचरू, म्हणजे तिचे वडील, आबा, बावीस वर्षं शहरातून सोयगावला जाणाऱ्या एसटीवर कंडक्टर होते. सोयगाव त्यांचं गाव आणि गाडी मुक्कामी, त्यामुळं नोकरी आणि घर एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असं त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते मेघाकडं राहायला आले. रोज पहाटे याच संकुलात चालायला यायचे. निघताना दारातून हाक मारायचे, "मेघे, येती का?" ती पांघरुणातून किंवा पुस्तकातून म्हणायची, "उद्या, आबा."

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पाणी हवं तरी खूण करायचे. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, जे यांना वर्षानुवर्षं पाठ आहे ते म्हणून घ्या. आकडे, वार, काहीही. आकडे आले नाहीत, वार आले नाहीत. मग एका सकाळी आई, पारूबाई, सहज म्हणाली, "अहो, गाडी सुटली." आणि आबा स्पष्ट म्हणाले, "हर्सूल." आई पदरात तोंड लपवून हसली.

त्यानंतर रोज गाडी सुटायची. आबा एकेक थांबा वाढवत गेले. सावंगी, चौका, फुलंब्री, आळंद, भवन, सिल्लोड. महिन्याभरानं गोळेगाव, मग अजिंठा. घाट उतरून फर्दापूरला पोचले आणि तिथं गाडी अडली. पुढचं नाव त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, ओठांवर येत नसे. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, शब्द तुम्ही पुरवू नका, त्यांचा त्यांना सापडू द्या. मेघानं त्याविषयी वाचलंही होतं. वाचलेलं पाळायची तिला सवय होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. आबा फर्दापूरवर थांबले होते, तिच्या तोंडाकडं बघत होते. एक नाव. तिनं दिलं नाही. पर्स खांद्याला लावत ती म्हणाली, "उद्या, आबा. उद्या सोयगाव."

दुपारी राजकुमारचा, आबांना बघायला गावाहून आलेल्या तिच्या भावाचा, फोन आला. ती पोचली तेव्हा दवाखान्यातलं सगळं आवरलेलं होतं.

आता ही गाडी ट्रॅकवर सुटली, तेव्हा मेघानं ठरवून टाकलं. एक फेरी म्हणजे एक थांबा. अकरा फेऱ्या म्हणजे सोयगाव. आबांना तिनं फर्दापूरला सोडलं होतं, तिथून पुढं न्यायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, वहीतही लिहिलं नाही.

पंधरा दिवसांत ती हर्सूलपर्यंत न थांबता जायला लागली. सावंगीपर्यंत जायला महिना लागला. वेग केसरबाईंचा. पेन्शनर मागं टाकून जायचे आणि त्यातला एक रोज म्हणायचा, "मॅडम, रिक्षा बोलवू का?" ऑक्टोबरात चौक्याच्या फेरीला तिला धाप लागेनाशी झाली. एकदा ती बूट काढत असताना आईनं सहज विचारलं, "आज कुठवर?"

मेघानं वर पाहिलं.

"झोपेत बडबडतीस," आई म्हणाली. "भिंत पातळ आहे."

"भवन."

"म्हणजे सिल्लोड आलंच. सिल्लोडला चहा घे. तुझ्या बापानं चहा घेतल्याबिगर तिथून गाडी हलू दिली नाही कधी."

म्हणून सिल्लोडला, म्हणजे सातव्या फेरीनंतर, मेघा थांबायला लागली. बाटलीतून दोन घोट पाणी, एक मिनिट, की पुन्हा निघायचं. पुस्तकांच्या हिशेबात ते बसत होतं की नाही, तिनं पाहिलं नाही. थांबा अधिकृत होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राजकुमारचा सोयगावहून फोन आला. रविवारी आबांचा पहिला स्मृतिदिन. भंतेजींना सांगितलंय, पाहुणे येतील. "ताई, मोटार सांगू का तुमच्यासाठी? आईला बरं पडंल."

"एसटीनं येऊ," मेघा म्हणाली.

रविवारी बसमध्ये बसायचं, कोणा नवख्या कंडक्टरच्या तोंडून सगळी नावं ऐकायची आणि शेवटचं नाव त्याच्याकडून घ्यायचं, हे तिला मान्य नव्हतं. ते आधी तिनं म्हणायला हवं होतं. हातात चार दिवस होते आणि ती अजिंठ्यापर्यंत पोचलेली होती.

बुधवारी सगळं छान चाललं. सिल्लोडचं पाणी झालं, गोळेगाव गेलं, अजिंठा गेला. दहावी फेरी पुरी करून ती फर्दापूर म्हणाली आणि तिला राहवलं नाही. आता एकच. ती सुटली, पहिल्या दिवशीसारखी. अर्ध्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात कळ उठली आणि ती त्याच कुंपणाच्या जाळीला जाऊन लटकली. नाव तोंडात होतं, श्वास नव्हता. म्हणता आलं नाही.

केसरबाई आल्या. या वेळी थांबल्या.

"आता कोनता चोर धरायचा व्हता?"

मेघा खाली बसली आणि तिनं सांगितलं. गाडीचं, फर्दापूरचं, उद्या म्हणाल्याचं. रडली नाही. कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं सरळ सांगितलं. केसरबाईंनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"एक सांग. फर्दापूर सुटल्यावर गाडी लई जोरात पळायची का?"

मेघाला आठवलं. सुट्टीत ती कितीदा त्या गाडीतून गेली होती. लेणी बघणारे सगळे फर्दापूरला उतरून जायचे. गाडीत सातआठ माणसं उरायची, तीही ओळखीची. आबा तोवर उभ्यानं असायचे, तिथून पुढं पहिल्यांदा बसायचे. टोपी मांडीवर ठेवायचे. ड्रायव्हरकाका हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचे. गाडी रमतगमत जायची, कारण घाई कोणालाच नसायची.

"नाही," ती म्हणाली. "तिथून पुढं गाडी निवांत जायची. आबा बसून घ्यायचे."

"मंग तू कामून उभी ऱ्हातीस?"

मेघाला हसू आलं. पोटातली कळ तशीच होती, तरी आलं.

गुरुवारी तिनं विश्रांती घेतली. तेवढं पुस्तकांचं ऐकलं. शुक्रवारी सकाळी थंडी होती, ट्रॅकवर माणसं कमी. मेघानं नावं घ्यायला सुरुवात केली. हर्सूल. सावंगी. चौक्याचा घाट. फुलंब्रीला पेन्शनर मागं टाकून गेले आणि रिक्षाचं विचारायचं विसरले. आळंद, भवन, सिल्लोड. दोन घोट पाणी. गोळेगाव. अजिंठ्याला पाय जड झाले, पण असे जड पाय तिला आता ओळखीचे होते. ते जड राहूनही चालत राहतात.

"फर्दापूर," ती म्हणाली.

आणि खांदे खाली सोडले. मुठी उघडल्या. वेग वाढवला नाही, उलट जरा कमीच केला. गाडीत सातआठ माणसं उरली होती. उजवीकडची गॅलरी मागं गेली, मग पाण्याची टाकी, मग ते कुंपण, जिथं ती दोनदा लटकली होती. तिथं तिनं श्वास तपासला. होता. भरपूर होता. म्हणायचं तर आत्ताही म्हणता आलं असतं, पण थांबा आल्याशिवाय नाव घेत नाहीत. शेवटचं वळण तिनं शांतपणं घेतलं आणि पांढऱ्या रेघेवर पाय पडला तेव्हा ती म्हणाली, मोठ्यानं, आबा म्हणायचे तसा मधला 'गा' किंचित लांबवून,

"सोयगाव. चला, सोयगाव."

पुढं चालणाऱ्या एका माणसानं वळून पाहिलं आणि बाजूला झाला, जणू कोणाला उतरायला वाट हवी होती.

मेघा थोडं अंतर चालत गेली. डोळे पुसले, चष्मा पुसला. केसरबाई मागून त्यांच्या चालीनं आल्या.

"कुठवर?"

"सोयगाव."

"पोचली म्हन की." त्या तिच्याबरोबर चालायला लागल्या. मेघानं त्यांना चालताना पहिल्यांदाच पाहिलं. "आता गाडी तिथंच ऱ्हाती का काय?"

"मुक्कामी गाडी आहे," मेघा म्हणाली. "रात्री तिथं थांबते. सकाळी परत निघते."

"किती वाजता?"

"सहाला."

"म्हंजी उद्या येतीस."

"उद्या येते," मेघा म्हणाली, आणि आईला सांगायला घरी निघाली.