फुटलेल्या कानाची तक्रार

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शिंपीदादा पडद्यांच्या कडा शिवत होता. त्याची धाकटी बहीण सदऱ्यांना काजं करत होती. नवऱ्याच्या थपडेने तिचा डावा कान गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. चौकीवर तक्रार द्यायला गेली की ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणून तिची बोळवण होई.

तेवढ्यात तिचे मामा आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, “चल गं, चौकीत बोलावलंय. जावई आलेत, विहीणबाई आल्यात. दोन गोड शब्द बोलायचे नि नांदायला जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“दादा, तू काय म्हणतोस?”

दादाने मान वर केली नाही. “मी काय म्हणणार? माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून.”

मामा आणि दादा तिला घेऊन चौकीत गेले. तिथे नवरा खुर्चीवर बसून चहा पीत होता. तिला कुणी बस म्हटलं नाही. सासू पदर आवळून कोपऱ्यात उभी होती.

“भांड्याला भांडं लागायचंच, बाई,” हवालदार म्हणाले.

“माझा कान फुटलाय, साहेब. तक्रार लिहून घ्या.”

“एक चालतोय ना?” नवरा म्हणाला. हवालदार हसले. मामाही हसले. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दाराशी मामा उभे होते, मागे भाऊ. जायचं तरी कुठे?

“मारताना पाहिलेलं कोण आहे?” हवालदारांनी विचारलं. “साक्षीदार आणा, मग बोला.”

“मी पाहिलं.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासू पुढे आली होती.

“आई, गप्प बस!”

“गप्पच बसले रे आजवर. तुझ्या बापाचा मार खाताना बसले, तू हिला मारलंस तेव्हाही बसले. लिहा साहेब. माझ्या लेकाने मारलं.”

नवऱ्याने कप आपटला. “आता घरात पाऊल टाकून दाखव.”

म्हातारी जागची हलली नाही. या वयात तिला दुसरं घर नव्हतं.

“मोठे साहेब नाहीत. उद्या या,” हवालदारांनी टोपी चढवली.

सून बाकावर जाऊन बसली. तिने सासूचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“मोठे साहेब येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.”

मामा चडफडत निघून गेले. दादा बराच वेळ दारात घुटमळला आणि मग तोही गेला. बाकावर अजून जागा होती.