संध्याकाळचं गुड मॉर्निंग

मक्याच्या कोवळ्या कणसाला असतात तसे फिकट सोनेरी केस, आणि त्यांतून झिरपणारं हिवाळी संध्याकाळचं उतरतं ऊन. वेराआंटी आठवल्या की आधी ते ऊन आठवतं. चेहरा सावकाश मागून येतो.

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. शेजारच्या रांगेत रशियाहून आलेले एक इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी वेरा राहायला आल्या. द्राक्षबागांवरून येणाऱ्या गारठ्यात आम्ही कानटोप्यांत गुरफटलेलो असायचो, तेव्हा त्या बिनबाह्यांच्या सुती झग्यात निवांत कपडे वाळत घालत. आमची थंडी म्हणजे त्यांच्या माहेरची कुणी धाकटी, लाजरी नातलगच वाटे.

मैदानावरून परतताना आम्ही मुलं त्यांच्या कुंपणाशी थबकत असू. आमचं इंग्रजी शाळेच्या पहिल्या तासापुरतं, त्यामुळे दिवस मावळतानाही एका सुरात “गुड मॉर्निंग, आंटी” असंच निघे. सुरुवातीला त्या दचकत, मान लववून लगबगीनं आत जात, आणि खिडकीचा पडदा हलकेच थरथरून स्थिर होई. परक्या देशात माणसाच्या नावाआधी त्याचा वर्ण रस्त्यानं चालत जातो, हे कळण्याचं आमचं वय नव्हतं. पुढे मात्र त्या आमच्या वेळेला दारात येऊन उभ्या राहू लागल्या. हाकेला हात हलवून उत्तर देत. हात खाली आल्यावरही त्यांची नजर आमच्या मागोमाग वळणापर्यंत रेंगाळत येई.

मग मोठ्या माणसांनी हे थांबवलं. परक्या मुलखातल्या बाईला रोज उठून त्रास कशाला, असं माझ्या आईनंच घरोघरी सांगितलं. आम्ही खाली बघत निमूट जाऊ लागलो. त्या दारातच असत. चाचणीला निघालेलं एखादं विमान आभाळ चिरत जाई, आणि त्याच्यामागे उरलेली शांतता त्यांच्या अंगणात जरा अधिकच साचे.

आठवड्याभरानं त्या आमच्या घरी आल्या. आईनं खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. भाजीवाल्या मावशींकडून वेचलेलं मराठी एकेक शब्दानं जुळवत त्यांनी विचारलं, “मुलं माझ्यावर रागावली?”

राग कसला, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच त्यांना गप्प केलं, असं आईनं समजावलं. वेराआंटी बराच वेळ शब्द शोधत राहिल्या.

“माझी मुलगी तिकडे. आजीकडे. शाळा आहे,” त्या म्हणाल्या. “इथे घर फार गप्प. मुलं हाक मारतात, तेव्हा मी कुणाची तरी असते.”

आईनं मला खांद्याला धरून पुढे केलं. दिवेलागणीच्या त्या धूसर उजेडात मी कसंबसं “गुड मॉर्निंग” म्हटलं, आणि त्यांनी वाकून माझ्या कपाळावर ओठ टेकले. आमच्याकडे अशी रीत नव्हती. मी संकोचून आईच्या पदराआड गेले. दुसऱ्या दिवसापासून मात्र कुंपणापाशी पुन्हा आमचा कल्लोळ सुरू झाला, आणि कुणाच्याही आईनं तो अडवला नाही.

दोन हिवाळ्यांनी त्यांचा मुक्काम संपला. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा आम्ही सगळे ओरडत धावलो. मागच्या काचेतून त्या बघत राहिल्या, हात हलवायचं विसरून.

त्यांची मुलगी तिकडे किती उंच झाली असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही. आज मी स्वतः आई आहे. दार उघडून त्या मुलीनं, आपलं वाढणं न पाहिलेल्या या बाईला पहिली हाक कशी मारली असेल, असं अधूनमधून वाटत राहतं. आमच्या बालपणाला लाभलेले ते दोन हिवाळे दुसऱ्या एका बालपणातून ओघळून आलेले होते, आणि काळाला ते तिकडे परत वाहून नेता येत नाहीत.