दिवा कुणी पेटवला?

बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर त्या रविवारी जेवढ्या मोटारसायकली उभ्या होत्या, तेवढ्या पंप चालू असतानाही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पंपाचं छप्पर शाबूत होतं, नळ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, आणि जिथं पूर्वी हवा भरणारा बसायचा तिथं आता दिवेबाबा बसत. म्हणजे जागेचा धंदा काही बदलला नव्हता.

पूर्वाश्रमी बाबांनी हेल्मेटचं, सीटकव्हरचं आणि बॅटऱ्यांचं अशी तीन दुकानं बुडवली होती. चौथं चाललं, कारण त्यात माल ठेवावा लागत नव्हता.

"लाल दिवा म्हणजे काय?" बाबांनी गर्दीला विचारलं.

"यंत्राचा क्रोध!" गर्दीला उत्तर पाठ होतं.

"आणि क्रोध शांत कशानं होतो? पान्यानं?"

"प्रेमानं!"

"गॅरेजवाला काय म्हणतो? इंजिन उघडा म्हणतो. अरे, जी तुला पाठीवर घेऊन हिंडते तिचं पोट फाडतोस? लाज नाही वाटत?"

दोघातिघांना खरंच लाज वाटली. त्यांनी आपापल्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवला.

गर्दीच्या कडेला सिस्टर उभी होती. ती हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स होती, आणि गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. सासूबाईसुद्धा चिडल्या की म्हणत. रात्रपाळी करून ती थेट इथं आली होती, कारण नवऱ्यानं हट्टच धरला होता. नवरा कवळीवाला. दातांच्या लॅबमध्ये तयार झालेल्या कवळ्या मोटारसायकलवरून घाटापलीकडच्या दवाखान्यांत पोचवायच्या, हे त्याचं काम. पलीकडची म्हातारी मंडळी त्याची जेवढी वाट पाहत, तेवढी त्यांनी पोटच्या पोरांचीही पाहिली नव्हती.

त्याच्या गाडीवरचा लाल दिवा, तेलाच्या झारीचं चित्र असलेला, आधी फक्त वळणावर डोळा मारायचा. मग सिग्नलला उभं राहिलं की लागायला लागला. आता इंजिन तापलं की विझायचं नावच घेत नव्हता. गॅरेजवाल्यानं निळसर धूर पाहून मान हलवली होती. "इंजिन तेल जाळतंय. नुसतं वरून ओतून भागायचं नाही, उघडावं लागेल. गाडी महिनाभर सोडा." महिनाभर गाडी सोडणं म्हणजे नोकरी सोडणं. लॅबला दात पोचल्याशी मतलब, ते कुणाच्या गाडीवरून का जाईनात.

"पुढचा!" बाबांचा शिष्य ओरडला. कवळीवाल्यानं गाडी पुढे घेतली, बाजूच्या स्टँडवर कलती ठेवली. इंजिन धडधडत होतं, दिवा लालभडक. बाबांनी काळी शाल इंजिनावर पांघरली, तिच्याखाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटले. "शांत हो बये, शांत हो. कुणाचा राग कुणावर काढतेस?"

दिवा विझला.

गर्दीच्या तोंडून एकच "हाऽऽ" निघालं. खोटं कशाला सांगा, सिस्टरच्याही निघालं.

"आता तेल बघा," बाबा म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. इंजिनाच्या उजव्या अंगाला तेलाची पातळी दाखवणारी गोल काच होती, तिच्यावर खालची आणि वरची अशा दोन खुणा. काच कोरडी ठणठणीत. "रिकामं आहे ना? आता सगळे डोळे मिटा, आणि मी सांगेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत." सगळ्यांनी मिटले. बऱ्याच वेळानं उघडले, तर शिष्यानं गाडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरली होती आणि काचेच्या तळाशी तेलाची काळसर कोर चमकत होती.

"आलं! तेल आलं!"

"आता वरून ओतायचं नाही हं," बाबांनी बजावलं. "भरल्या पोटी खाऊ घातलं की अपचन होतं."

कवळीवाल्यानं पेटीत मनोभावे काहीतरी टाकलं. परतताना तो शीळ वाजवत होता. लग्नानंतर ही शीळ सिस्टरनं फारशी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कवळ्यांची पेटी बांधत असताना तिनं गाडीची किल्ली सहज फिरवली. हिरवा लागला. पिवळा लागला. लाल लागला नाही.

"अहो, हा लाल का नाही लागला?"

"अगं, बाबांनी विझवला ना काल! होतीस ना तू तिथं?"

"पण इंजिन अजून चालू कुठंय? नुसती किल्ली फिरवल्यावर तो आधी लागायचा. इंजिन सुरू झालं की जायचा. गाडी धडधाकट होती तेव्हासुद्धा."

"तुला त्रासच हवाय का?" तो हसला. "झोपलंय लेकरू, झोपू दे." आणि गेला.

सिस्टरला मात्र झोप लागली नाही. तिच्या विभागातलं प्रत्येक यंत्र सुरू होताना क्षणभर आपले सगळे दिवे लावून दाखवतं. बघ बाई, माझी जीभ शाबूत आहे, वेळ आली तर मी ओरडेन. त्यातला एखादा लागला नाही, तर पेशंट बरा झाला असं कुणी मानत नाही, यंत्र मुकं झालं असं मानतात आणि ते बाजूला काढतात. संध्याकाळी तिनं हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनिअरला गाठलं. त्यानं चहा संपेपर्यंत समजावलं, आणि शेवटी म्हणाला, "शालीखाली हात गेला होता? मग वायर बघा."

पुढच्या रविवारी ती आपणहून म्हणाली, "चला बाबांकडे. मला एक शंका विचारायचीय." नवऱ्याला कोण आनंद झाला.

पंपावर पोचल्यावर तिनं शंका विचारली नाही. ती सरळ गाडीशेजारी उकिडवी बसली आणि इंजिनाखाली बोट घातलं. तिथं रबराची छोटी टोपी लोंबत होती, टोपीत वायर होती, आणि ती जिथं बसायची तो खिळा शेजारीच उघडा पडला होता.

"हे बघा सगळ्यांनी," ती मोठ्यानं म्हणाली. रात्रपाळीला नातेवाईकांना बाहेर काढताना लागतो तो आवाज तिनं लावला होता. "इंजिनात तेल दाबानं फिरतं. दाब असला की या खिळ्यामागचं बटण वायरचा रस्ता तोडतं, दिवा जातो. दाब गेला की रस्ता जुळतो, दिवा लागतो. बाबांनी शालीखाली वायरच उपटलीय. आता आत तेल असो नाहीतर नसो, दिवा लागणार कसा? अहो, किल्ली फिरवा."

कवळीवाल्यानं फिरवली. लाल नाही. तिनं टोपी खिळ्यावर दाबली. लाल लागला.

"आता सुरू करा. दाब असेल तर क्षणात जाईल."

इंजिन सुरू झालं. दिवा गेला नाही. सगळे त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले. सिस्टरला वाटलं, झालं. बाबांचं संपलं.

"आणि तेल वाढतबिढत नाही," ती जोरात सांगू लागली. "इंजिन आत्ताच थांबलेलं असतं तेव्हा तेल वर चढलेलं असतं. त्यात गाडी डावीकडे कललेली, म्हणून उजवीकडची काच कोरडी. तुम्ही डोळे मिटता, तेल खाली उतरतं, तो पोरगा गाडी सरळ करतो, की काचेत दिसायला लागतं. औषधाचा कप तिरका धरून माप बघतं का कुणी?"

"म्हणजे बाबांनी सरळ केली म्हणूनच दिसलं ना?" एकानं विचारलं.

"हो, पण..."

"मग बाबांनीच आणलं की!"

बाबा इतका वेळ मंद हसत होते. ते उठले, दिव्याकडे बोट केलं, आणि अगदी हळू म्हणाले, "मी विझवला होता. कुणी पेटवला?"

सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"खरंच की!" "अहो, आत्ता आपल्या डोळ्यांदेखत पेटवला हिनं!" "घरच्या माणसानंच आग लावल्यावर बाबा तरी काय करणार?" "शिकलेली ना, तिथंच घोडं पेंड खातं."

"अहो, तुम्ही तरी सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

कवळीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं. मग तो वाकला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती टोपी उपटली.

दिवा विझला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहा!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता भक्ताच्याही हातून होऊ लागलं!"

वायर कशी निघते हे सगळ्यांनी स्वच्छ पाहिलं होतं. त्याचा चमत्कार कसा झाला हे मात्र सिस्टरला घरी पोचेपर्यंत समजलं नाही. ती बसनं आली.

घरी तो खुर्चीत बसला होता. "मला कळत नाही असं वाटतं तुला?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वायर दिसली मला. पण तो दिवा लागला की हात ब्रेकवर जातो. घाट चढवत नाही. गाडी गॅरेजात टाकली की दुसऱ्या दिवशी पेटी दुसऱ्याच्या गाडीवर. मग मी काय करू? दिवा नसला की निदान जाता तरी येतं."

"निदान तेल तरी ओतू," एवढंच ती म्हणाली. "उद्या सकाळी मी डबा आणते. ओतल्याशिवाय जाऊ नका." तो "बरं" म्हणाला. सकाळी ती पाळी संपवून, तेलाचा डबा हातात घेऊन आली, तेव्हा दारात गाडी नव्हती.

घाटाच्या मधल्या वळणावर इंजिन कोरडं होऊन जाम झालं, मागचं चाक एकाएकी गच्च अडकलं, आणि कवळीवाला गाडीसकट घसरत कठड्याला जाऊन थडकला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पेटी फुटली होती, आणि रस्त्याभर कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू विखुरलं होतं.

"बाबांची कृपा, म्हणून हाडावर निभावलं," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर ज्या दिवशी सिस्टरनं दिवा पेटवला, त्याच दिवशी मला धडकी भरली होती." गल्लीचंही तेच मत पडलं. कवळीवाला हात झोळीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नव्या माणसानं पेटी घेतल्याचा लॅबचा फोन सिस्टरनंच घेतला.

त्यानंतरच्या रविवारी ती पंपाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. भाषण तिला जमत नव्हतं, आणि जमलेल्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. ती बाबांबद्दल चकार शब्द काढत नव्हती. पंपावरून परतणाऱ्याला फक्त एवढंच म्हणायची, "किल्ली फिरवा आणि लाल दिवा लागतो का बघा." काही जण हसले. काहींनी ओळखलं. "अरे, ही तीच, दिवा पेटवणारी!" एकानं तर तिच्या जवळून जाताना हॉर्न वाजवला. ऊन डोक्यावर आलं. बहुतेक गाड्या निघून गेल्या, आणि प्रत्येकीच्या आवाजाकडे ती वळण संपेपर्यंत कान लावून राहिली.

मग एक जण थांबला. मागे त्याची लेक बसली होती, वडिलांच्या पोटाला दोन्ही हातांनी धरून. त्यानं कंटाळून किल्ली फिरवली. "नाही लागत. विझलाय. त्यासाठीच तर आलो होतो."

"विझलेला नाही. तोडलाय. किल्ली फिरवल्यावर जो लागत नाही, तो इंजिन मरतानाही लागणार नाही."

तो दिव्याच्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग पंपाकडे. मग मागे बसलेल्या लेकीच्या हातांकडे. पंपावर जाणारे सगळे दिवा कसा घालवायचा हेच विचारत आले होते. यानं हळूच विचारलं, "मग आत काय झालंय, ते कसं कळणार?"

"उतरा दोघंही," सिस्टर म्हणाली. "गाडी सपाट जागी सरळ उभी धरा. थोडा वेळ थांबा. आणि डोळे उघडे ठेवून बघा."