एकाच दारातल्या दोन चिठ्ठ्या

मी एक जुना प्रॉक्सी आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. दवाखान्यातल्या सिस्टरांच्या खोलीत, टेबलाखाली, भिंतीला टेकलेला काळा डबा, एवढीच माझी ओळख. वॉर्डातल्या संगणकावरून कुणी काही मागितलं की ते आधी माझ्याकडे येतं. मी ते आतल्या प्रोग्रामकडे पोचवतो आणि उत्तर आणून देतो. दिवसभर माझ्या दारातून सगळ्यांचा राबता, पण माझी विचारपूस करणारं कुणी नाही. मला दिसतात ती पावलं. माझ्या डोक्यावर लोक पिशव्या ठेवतात.

नवा होतो तेव्हा मला बसवणाऱ्या तंत्रज्ञ ताई माझ्यावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, "शहाणा आहे हो हा!" जन्मात झालेलं तेवढंच कौतुक. ते मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हा माझ्यामागे एकच प्रोग्राम होता, केसपेपरचा. सिस्टर पासवर्ड टाकून आत आल्या की तो संगणकाला एक ओळखचिठ्ठी देई. तिला कुकी म्हणतात. संगणक ती दर वेळी दाखवी, म्हणजे 'कोण तुम्ही?' असं पुन्हा विचारावं लागत नसे. मग रक्ताच्या अहवालांचा दुसरा प्रोग्राम आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बनवणाऱ्यांनी पहिल्याचीच नक्कल मारलेली, त्यामुळे त्याच्याही चिठ्ठीचं नाव तेच. दोघांचं दारही एकच, म्हणजे मी. संगणकाला वाटे, त्याच घरची नवी चिठ्ठी आली, जुनी टाकून द्या. अहवाल उघडला की सिस्टर केसपेपरमधून बाहेर!

"मेल्या डब्या, परत हाकललंस?" म्हणत थोरल्या सिस्टर मला पायाने ढोसत. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार लागे ते.

तक्रार मात्र कुणीच केली नाही. सगळ्यांनी सवय लावून घेतली. अहवाल बघताना काही सुचलं, कुणी काही सांगितलं, तर ते तळहातावर पेनने लिहायचं आणि मग सावकाश पासवर्ड टाकून केसपेपरमध्ये उतरवायचं. टेबलाखाली येणारे हात निळे झालेले असत.

एके दुपारी थोरल्या सिस्टर अहवाल बघत होत्या. नुकत्याच दाखल झालेल्या आजोबांची सून दारात आली. "सिस्टर, बाबांना ती तापाची पिवळी गोळी चालत नाही हं. श्वासच कोंडतो त्यांचा. तेवढं लिहून ठेवा."

"हो गं बाई, हे बघ लिहिलं," म्हणत सिस्टरांनी तळहात दाखवला. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून हाक आली. त्या धावल्या, पेशंटचं काम उरकलं आणि नेमाप्रमाणे साबणाने स्वच्छ हात धुतले.

संध्याकाळी दुसऱ्या सिस्टर तीच गोळी घेऊन आजोबांकडे गेल्या. केसपेपरात काहीच नव्हतं ना! "अहो थांबा, ही नको!" सून ओरडली, ते वॉर्डभर ऐकू आलं. आजोबा वाचले.

थोरल्या सिस्टर खोलीत येऊन रडल्या. मग त्यांनी मला बसवणाऱ्या ताईंना फोन लावला. "आज माझ्या हातून माणूस गेला असता हो."

ताई आल्या, माझ्यासमोर फरशीवर बसल्या. केस पांढरे झाले होते त्यांचे. "याचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "दोन चिठ्ठ्या, नाव एक. मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी मला नवं काम शिकवलं. आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर मी तिच्या प्रोग्रामचा शिक्का मारतो, म्हणजे एक दुसरीला पुसत नाही.

तेव्हापासून सारं सुरळीत आहे. मला कुणी ढोसत नाही, शिव्याही देत नाही. खरं सांगू? त्या शिव्यांचीसुद्धा आठवण येते. निदान कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर तिला लाथ मारू नका आणि अडचणीची सवयही लावून घेऊ नका. वेळेवर कुणाला तरी सांगा.

घरी जाताना थोरल्या सिस्टर पिशवी घ्यायला हात खाली करतात. तळहात कोरा असतो. मी रोज तेवढं पाहून घेतो.