काकूची वही

वरच्या मजल्यावरून पुन्हा खिदळणं ऐकू आलं आणि मशीनवर बसलेल्या आईच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं कसलं, निव्वळ जळफळाट! लेक तासभर काकूकडे जाऊन बसली होती. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. शाळेत इंग्रजी शिकवायची. पोरीला रोज पाच शब्द द्यायची आणि सांगायची, सोपा अर्थ तुझी तू लिही, घरातलं बघून लिही. झालं! तेव्हापासून पोरीच्या तोंडी काकू म्हणाली, काकूला विचारते, काकूला दाखवते. आणि आई? आई कापडं शिवायला.

"जेवायला ये गं!"

"थांब ना, काकूचा एक शब्द राहिलाय!"

"मग तिथंच राहा कायमची," आई पुटपुटली. मोठ्यानं म्हणायची छाती झाली नाही. पोर खरंच राहिली तर काय घ्या!

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेली. काकूच्या शब्दांची वही घरीच होती, शनिवारी वर्गात दाखवायची म्हणून जपून ठेवलेली. आईला एका शर्टाच्या कॉलरसाठी साचा हवा होता. रद्दी वह्यांच्या कागदाचे साचे कापायची तिची रीतच होती, गठ्ठाही पायाशी पडलेला. तरी हात गेला तो काकूच्या वहीकडे. चुकून म्हणाल तर छे! चांगलं समजून-उमजून. तिनं मधली चार पानं टराटरा फाडली आणि वर कात्री चालवली. जिवाला कसं गार वाटलं.

साचा कापडावर ठेवून खडूनं आखायला ती वाकली, तेव्हा कुठं अक्षरं नजरेत भरली. इंग्रजी तिला वाचता येईना, पण समोरचा अर्थ मराठीत होता, पोरीच्या वळणदार अक्षरात.

'गिऱ्हाईक ओरडतं, तरी आईचा टाका सरळ येतो.'

'आई मशीन थांबवून माझ्याकडे बघते, तेव्हा मला वाटतं ते.'

'चुकलं तर आई बोलत बसत नाही. उसवते आणि पुन्हा नीट शिवते.'

तिनं दुसरा तुकडा उचलला, मग तिसरा. सगळीकडे आई. काकूचं नावसुद्धा नव्हतं.

"अगं बाई, काय करून बसले मी हे!"

केराच्या टोपलीतून तिनं कात्रणं वेचली, ओळीला ओळ जुळवली, खाली कोरा कागद घेतला आणि मशीनखाली सरकवलं. कागद फाटू नये म्हणून पायडल इतकं हळू मारलं की पोटऱ्या भरून आल्या. शिवलेली पानं वहीत जागच्या जागी ठेवली. शर्ट तसाच राहिला.

पोर आली. वही उघडली आणि तिचा चेहराच उतरला. "कुणी कापली?"

"मी," आई म्हणाली. "काकूवर जळले मी. तू तिचीच झालीस असं वाटलं."

पोर डोळे पुसत नुसती शिवणीवरून बोट फिरवत राहिली. आईला ते सोसवेना. ती जवळ सरकली आणि उसवण्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या अर्थाचा शब्द कोणता गं?"

पोरीनं नाक ओढलं. "सॉरी."

"हां," आई म्हणाली, "तेच."