झाकणावरचे आकडे

"ताई, आकडा झाकणावर लिहू नका. झाकण कुणाचंबी कुणालाबी बसतंय. बाटलीच्या अंगावर लिहा," असं ग्यानोबामामांनी लुंबिनीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मामा नांदेडला विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. काचेची भांडी धुता धुता तीस वर्षं गेलेली. लुंबिनी एम.एस्सी.ला पहिली आलेली, पीएच.डी.चं दुसरं वर्ष, कडेवर चौदा महिन्यांची लेक, मैत्री. "माझ्या लक्षात राहतं, मामा," ती म्हणाली आणि चोवीसच्या चोवीस झाकणांवर मार्करनं आकडे टाकून मोकळी झाली. ओल्या बाटलीवर मार्कर उमटत नव्हता, हे खरं कारण. ते काही तिनं सांगितलं नाही.

बाटल्यांत पाणी होतं ते जळकोट तालुक्यातल्या हातपंपांचं, तिच्या माहेराकडचं. त्यात फ्लोराइड किती, हा तिचा विषय. ते जास्त झालं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे चढतात, आणि पुढं म्हातारपणी गुडघे, पाठ आखडून बसतात. विद्यापीठातल्या संशोधक पोरापोरींचं एक मंडळ होतं, दर शुक्रवारी ग्रंथालयामागच्या लिंबाखाली जमणारं. मंडळानं ठरवलं, निकाल फायलीत कुजवायचे नाहीत. गावात जाऊन हातपंपच रंगवायचे. पिण्याजोगा तो हिरवा, नको तो लाल.

मंडळाचा एक नियम होता. प्रत्येक पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, दुसरी दुसऱ्याच माणसानं मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच निकाल बाहेर. दुसरा संच मंडळाचा सचिव सुदर्शन याच्याकडे होता. पण रंगाचे डबे आले होते, जीप सांगून ठेवली होती. "आल्यावर मोजू की," सुदर्शन म्हणाला. लुंबिनीनं मान हलवली. मैत्रीला दात येत होते, अंगात ताप होता, त्यामुळं रंगवायलाही ती गेली नाही.

हातपंप रंगवून झाल्यावर तीन आठवड्यांनी माहेरी आली तेव्हा तिच्यानं राहवेना. रविवारी सकाळी मैत्रीला कडेवर मारून ती टेकाळवाडीला, रंगवलेल्या गावांपैकीच एका गावाला, गेली.

बौद्धवाड्यातला हातपंप हिरवागार दिसत होता. भोवती बायकांची रांग. ओट्यावर कोंडाबाई बसलेली, सत्तरीपलीकडची.

"जयभीम, आजी."

"ये माय. बघ तुझ्या रंगाची करामत." कोंडाबाईनं हनुवटीनं रांगेकडे दाखवलं. "ती निळ्या लुगड्याची शिल्पा, वरच्या आळीच्या तुळजाबाईची सून. त्यांचा हातपंप लाल झाला नं. आता समदी वरची आळी आमच्या दारात. माझ्या उभ्या जन्मात वरच्या आळीची घागर इथं टेकली नव्हती."

"आजी रोज टोमणा मारत्यात," शिल्पा रांगेतून म्हणाली, "आन् वरून घागरबी उचलून देत्यात."

"उचलू नको तर काय करू? तुझ्या सासूला बोलवू उचलायला?"

रांग हसली. लुंबिनीही हसली. इतक्यात कोंडाबाईची नऊ वर्षांची नात महामाया मैत्रीशी खेळायला पुढं आली, तोंडभर हसली, आणि लुंबिनीनं तिची हनुवटी धरून वर केली. पोरीच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

लेकीला दात येत असल्यापासून लुंबिनी दिसेल त्या पोराच्या तोंडात बघायची. सवयच लागली होती. तिनं बौद्धवाड्यातली आणखी पाच पोरं बोलावली, प्रत्येकाला 'ई' करायला लावलं. पाचांपैकी चौघांचे दात तसेच. मग ती वरच्या आळीत गेली. तिथं लाल हातपंपाजवळ गोट्या खेळणाऱ्या पोरांचे दात पांढरेशुभ्र होते.

जिथं पाणी चांगलं, तिथं दात खराब. जिथं खराब, तिथं दात मोत्यासारखे. तिला बाटल्यांतलं पाणी गाळून घेतलं तो दिवस आठवला. सगळी झाकणं टेबलावर काढून ठेवलेली, पाळणाघरातून फोन आलेला, मैत्रीचा ताप चढलेला. घाईघाईत झाकणं लावून ती पळाली होती.

सोमवारी सकाळी ती सुदर्शनपुढं उभी होती. त्याच्या बाटल्यांवर आकडे अंगावर होते, चिकटपट्टी लावून. त्यानं मामांचं ऐकलं होतं. दोघांनी मिळून चोवीसही मोजल्या. बावीस जुळल्या. दोनच अदलाबदल झालेल्या, नेमक्या टेकाळवाडीच्या.

सुदर्शननं यंत्र बंद केलं. "बुधवारी तुझी प्रगती अहवालाची बैठक आहे. ती होऊ दे. नंतर जाऊन गुपचूप रंग बदलू. कुणाला कळणार आहे?"

"त्या पोरीच्या दातांना कळतंय," लुंबिनी म्हणाली. "आणि आता तर वरच्या आळीची पोरंबी तेच पिऊन राहिलीत. माझ्यामुळं."

"तुझे गाईड सर काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकून घेईन. नियम तूबी मोडलास, मीबी मोडला. रंग घे, उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं."

भांडी धुणाऱ्या मामांकडे जाऊन तिनं सांगून टाकलं, "मामा, झाकण बदललं." मामांनी वर बघितलं नाही. फक्त चिकटपट्टीचं रीळ तिच्याकडे सरकवलं.

मंगळवारी टेकाळवाडीत दोन्हीकडच्या बायका तिनं मारुतीच्या पारापाशी बोलावल्या. मैत्री सुदर्शनच्या खांद्यावर. लुंबिनीचा आवाज खणखणीत लागला. "चूक माझी हाय. बाटल्यांची झाकणं मी बदलली. वरच्या आळीचं पाणी चांगलं हाय. बौद्धवाड्यातलं पिऊ नका, सैपाकालाबी वापरू नका. धुण्याला चालेल."

तुळजाबाई पदर सावरत म्हणाली, "म्हंजे काल आमाला तिकडं पिटाळलं, आन् आज त्यास्नी इकडं पाठवून राहिलीस? गाव हाय का तुझी शाळा?"

"काकू, मला काय बोलायचं ते बोला. पण तुमची सून तीन आठवडे त्यांच्या दारातून पाणी न्हेत होती, कुणी अडवली न्हाई. आता त्यांनी कुठं जायचं, ते तुम्हीच सांगा."

शिल्पा उठली. सासूकडं न बघता कोंडाबाईपुढं जाऊन उभी राहिली. "आजी, आज सांजच्याला या. घागर मी उचलून देते."

"पोरीला धाडीन," कोंडाबाई म्हणाली. "माझं काय, दात कवाच गेले. वरच्या आळीला सत्तर वर्षं गेले न्हाई, आता कशाला जाऊ?"

"दात गेले, आजी, पण गुडघे हायत नं?" लुंबिनी म्हणाली.

"गुडघे माझे हायत, माय. तुझ्या बाटलीतले न्हाईत."

रांगेत हसतात तशी हसली सगळी. पण कोंडाबाई हसली नाही.

दुपारपर्यंत दोन्ही हातपंपांचे रंग बदलले. संध्याकाळी महामाया कळशी घेऊन वरच्या आळीला गेली, आणि शिल्पानं हातपंप मारून दिला. हे लुंबिनीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बुधवारी बैठकीत तिनं पहिल्याच पानावर स्वतःची चूक मांडली. सर अर्धा तास बोलले. तिनं ऐकून घेतलं, आणि पुढच्या फेरीचे नमुने दोन माणसांनी मोजायची परवानगी लेखी घेऊनच ती उठली. आता विद्यापीठात नवीन कुणी आलं की तीच सांगते, आकडा बाटलीच्या अंगावर.

एक गोष्ट मात्र तिला नांदेडला बसून कळत नाही. नात वरून एक कळशी आणते, ती घरातल्या पोरांना पुरते. म्हातारीच्या तांब्यात काय असतं? फोनवर विचारलं की कोंडाबाई म्हणते, "पिते की." कुठलं, ते सांगत नाही.

म्हणून तुम्ही कधी जळकोटकडं गेलात, तर वाकडी वाट करून टेकाळवाडीला जा. बौद्धवाड्यात लाल हातपंपासमोरचाच ओटा. म्हातारी ताक घ्या म्हणेल. ताक नको, पाणी द्या म्हणा, आणि ती नातीनं वरून आणलेल्या कळशीतून ओतते की दारच्या घागरीतून, ते बघा. लुंबिनीला तेवढं कळवा.